होडी हळू चालते, की मोटर दमते?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. लिहिणारे गृहस्थ मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरी परतले. वडिलांची १८ फुटी, फायबर चढवलेली जुनी लाकडी होडी आहे. वडिलांना आता वल्ही मारणे झेपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये नात्यातल्याच एकाकडून ९.९ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची) मोटर त्यांनी जुनी विकत घेतली. पावसाळाभर ती पडवीत होती. नारळी पौर्णिमेनंतर होडीला लावली, तेव्हा दोन-तीनदा दोरी ओढताच सुरू झाली. पण चार माणसे घेऊन होडी ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या वर जात नाही, आणि दहा-बारा मिनिटांनी मोटर मलूल होते. थोडे थांबले की पुन्हा चालते. विकणाऱ्याच्या सपाट बुडाच्या छोट्या फायबर बोटीवर हीच मोटर ताशी २५ किलोमीटरने पळताना त्यांनी स्वतः पाहिली होती. मेकॅनिक म्हणतो, पिस्टन-रिंगा गेल्या, १८,००० रुपये लागतील. धाकटा भाऊ म्हणतो, ही विका आणि १५ अश्वशक्तीची घ्या. वडील म्हणतात, मेलेले मशीन गळ्यात मारले, त्याला जाब विचार. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात असे जाणवले की, तिघांचेही म्हणणे एकाच गृहीतकावर उभे आहे : मोटर अशक्त आहे. कोणी ती दुरुस्त करायला सांगतो, कोणी बदलायला, कोणी परत करायला. पण ती खरोखर अशक्त आहे का, हे अजून कोणी मोजलेले नाही. शिवाय तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरल्या आहेत. होडी सुरुवातीपासूनच हळू चालते, ही एक. आणि दहा मिनिटांनी मोटर दमते, ही दुसरी. पहिली बहुधा दुखणे नाहीच. दुसरी दुखणे आहे. पण पिस्टनचे असेल असे मला वाटत नाही, कारण झिजलेला पिस्टन थोडी विश्रांती घेऊन पुन्हा तरुण होत नाही.

आधी वेगाचे पाहू. तुमची होडी पाणी कापत, पाण्यात बसून चालणारी आहे. विकणाऱ्याची बोट पाण्यावर चढून घसरत जाणारी होती. हा फरक मोटरीपेक्षा मोठा आहे. पाण्यात बसून चालणारी होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. वेग वाढला की पुढच्या आणि मागच्या लाटेतले अंतर वाढत जाते, आणि ते होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढे झाले की होडी जणू स्वतःच केलेला चढ चढू लागते. या मर्यादेचा ढोबळ हिशेब असा : पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला १.३४ ने गुणा. उत्तर ताशी सागरी मैलांत, म्हणजे नॉटमध्ये येते. तुमची १८ फुटी होडी पाण्याला सुमारे १६ फूट टेकत असेल. १६ चे वर्गमूळ ४, गुणिले १.३४, म्हणजे साधारण ५.४ नॉट, किलोमीटरमध्ये ताशी सुमारे १०. तुम्हाला चार माणसांसह आठ-नऊ मिळत आहेत. याचा अर्थ, होडीच्या अंगात जेवढा वेग आहे, त्याच्या जवळपास सगळा ही ‘मेलेली’ मोटर देत आहे.

म्हणून तुमच्या भावाचा सल्ला मला सर्वांत महागडा वाटतो. या होडीवर १५ अश्वशक्ती लावली तर मागचा भाग खाली बसेल, नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलले जाईल, मागे मोठी लाट उठेल, पेट्रोल जास्त जळेल आणि वेग ताशी एखाद्या किलोमीटरने वाढला तर वाढेल. शिवाय जुन्या लाकडी होडीची मागची फळी वल्ह्यांच्या जमान्यात बांधलेली आहे. तिच्यावर किती जोर लादायचा, याचाही विचार हवा. विकणाऱ्याबद्दलची तुमच्या वडिलांची शंकाही इथेच पातळ होते, कारण तुम्ही पाहिलेले २५ किलोमीटर खोटे नव्हते; ते त्या बोटीचे होते.

मात्र आठ-नऊ हा आकडा तुम्ही कसा काढला, ते पत्रात नाही. मोबाइलमधील जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग दाखवतो आणि खाडीचे पाणी कधीच स्वस्थ नसते. ओहोटीच्या भरात मुखाजवळ एकदा इकडून पाहिलेला आकडा दोन-तीन किलोमीटरने सहज चुकतो. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणांमध्ये एकदा प्रवाहाबरोबर आणि लगेच प्रवाहाविरुद्ध चालवा, दोन्ही वेग लिहा आणि त्यांची बेरीज करून निम्मी करा. एकूण अंतराला एकूण वेळेने भागू नका; तसे केले तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते, कारण प्रवाहाविरुद्ध तुम्ही जास्त वेळ घालवलेला असतो. होडीच्या बुडाखाली हात फिरवायलाही विसरू नका. पावसाळ्यात पाण्यात किंवा चिखलात पडून राहिलेल्या होडीला शेवाळ आणि कालवे चिकटली असतील, तर ती खरवडून काढल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही सुट्या भागाने पडत नाही, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

आता मोटरीच्या पाण्यातल्या पंख्याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ तिथे आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे : पंख्यावर ‘९ १/४ × ११’ असे कोरलेले आहे. पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा, दुसरा त्याच्या पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाणी न घसरता पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता तेवढे अंतर. स्क्रू लाकडात शिरतो तसे समजा. तुमच्या मोटरीचा दांडा मिनिटाला ५,००० फेरे घेतो तेव्हा गिअरमुळे पंखा त्याच्या निम्म्याहून थोडे कमी, सुमारे २,४०० फेरे घेतो. ११ इंच म्हणजे २८ सेंटिमीटर. गुणाकार केला तर ताशी ४० किलोमीटर होतात. हा पंखा त्या पळत्या बोटीसाठी होता. ताशी १० च्या होडीला तो लावणे म्हणजे भरल्या गाडीने घाट टॉप गिअरमध्ये चढण्यासारखे आहे. मोटर वेगाची मूठ पूर्ण पिळूनही आपल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, कुंथत राहते, तापते आणि कार्बन साठवते. या आकाराच्या बहुतेक टू-स्ट्रोक मोटरी पूर्ण मुठीवर मिनिटाला ४,५०० ते ५,५०० फेऱ्यांच्या दरम्यान चालाव्यात अशी अपेक्षा असते. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा फेरेमापक फारसा महाग नसतो. तो लावून नेहमीच्या वजनासह पूर्ण मुठीवर आकडा पाहा. ४,००० च्या आसपासच अडकत असेल, तर ७ किंवा ८ इंच पिचचा पंखा मिळवा. पिच एका इंचाने कमी केली की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. वेग फारसा वाढणार नाही, हे आधीच सांगतो. पण मोटर मोकळी चालेल, आणि भरलेल्या जाळ्यासह ओहोटीविरुद्ध येताना जोर लागेल तेव्हा तो मिळेल.

पंखा काढाल तेव्हा दोन गोष्टी पाहून घ्या. काढण्यापूर्वी मोटर बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि दोन्ही प्लगच्या वायरी उतरवलेल्या असू द्या. हाताने पंखा फिरवताना मोटर अचानक पेटल्याने बोटे गमावलेली माणसे किनाऱ्यावर भेटतात. पहिली गोष्ट म्हणजे पंख्यामागे दांड्याला गुंडाळलेले तंगूस. खाडीत जाळ्याचे तुटके तुकडे तरंगत असतात. ते पंख्यामागे शिरून सील कापतात आणि पाणी गिअरच्या ऑइलमध्ये जाते. ऑइल दुधाळ दिसले तर सील बदलल्याशिवाय पुढे चालवू नका. दुसरी गोष्ट, पंख्याच्या आतले रबरी बुश. ते सुटले असेल तर मोटर किंचाळते आणि होडी हलत नाही. बाहेरच्या नळीवर आणि आतल्या बुशवर मार्करने एक सरळ रेघ मारा. पूर्ण मुठीवर चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश घसरते आहे. तुमच्या वर्णनात किंचाळणे नाही, म्हणून मला ही शंका कमी वाटते. पण असेच पत्र लिहिण्याच्या बेतात असलेल्या इतर वाचकांसाठी ही रेघ लाखमोलाची आहे.

बसवण्याच्या उंचीबद्दल थोडक्यात. पंख्याच्या वरची आडवी सपाट पाती होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा त्याखाली सुमारे २५ मिलिमीटर असावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर ओझे होते. लहान मोटरी मुख्यतः १५ आणि २० इंच उंचीच्या फळीसाठी बनतात. तुमची फळी मोजून पाहा.

आता खरे दुखणे. दहा-बारा मिनिटांनी दमणे आणि थांबल्यावर सावरणे याची कारणे मुख्यतः तीन : पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही, मोटर तापते, किंवा गरम झाल्यावर ठिणगी अशक्त होते. या तिघांना वेगळे करणारी चाचणी पाण्यावरच, मोटर मलूल होत असतानाच करायची असते, आणि मेकॅनिककडे मोटर नेल्यावर ती होऊच शकत नाही. त्याच्या दारात ड्रममध्ये मोटर चालवून जोर कळत नाही. तिथे भार नसतो, आणि धुराने पाण्याला फेस आला की चांगली मोटरही गुदमरते. अनेक मोटरींत तर न्यूट्रलमध्ये मूठ पूर्ण फिरतच नाही. म्हणून मेकॅनिकने चुकीचे सांगितले असेल तर त्यात त्याचा दोष थोडाच आहे. त्याला तुम्ही रोगी दाखवला, रोग दाखवला नाही.

होडीत दोघे जण बसा. एकाने मोटर चालवावी, दुसऱ्याने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हातात धरावा. मोटर मलूल होऊ लागली की फुगा दाबत राहा. काही सेकंदांत जीव परत आला, तर दुखणे पेट्रोलच्या वाटेवर आहे. दाबण्यापूर्वी फुग्याचा आकारही पाहून ठेवा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. फुगा भरलेला असूनही दाबल्यावरच मोटर सावरत असेल, तर संशय मोटरीवरच्या पेट्रोलपंपाच्या पातळ पडद्यावर घ्या. चपट्या फुग्याचे सर्वांत सामान्य कारण सांगायलाही संकोच वाटतो : टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो. पेट्रोल बाहेर जाते, आत हवा येत नाही, आणि दहा मिनिटांत टाकी पेट्रोल सोडायला नकार देते. थोडे थांबले की फटीतून हवा शिरते आणि मोटर पुन्हा चालते. अनेक वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या मोटरीचे कार्ब्युरेटर मी तीनदा उघडून घेतले होते, आणि अखेर दोष या स्क्रूचा निघाला. तेव्हापासून कोणतीही मोटर दमली की माझा हात आधी झाकणाकडे जातो.

झाकण उघडे असूनही तक्रार राहिली, तर टाकीतील पेट्रोलच पाहा. एप्रिलचे पेट्रोल पावसाळाभर टाकीत असेल तर ते संशयास्पद आहे. आपल्याकडे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल ओलावा ओढते, आणि कोकणातल्या पडवीत जून ते ऑगस्ट ओलाव्याला तोटा नसतो. पाणी पुरेसे जमले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, टाकीतील नळी नेमकी तळातून ओढते, आणि तुम्ही मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. म्हणजे मोटरीला काही क्षण जोरही मिळत नाही आणि वंगणही. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास उन्हापासून आणि विस्तवापासून दूर ठेवा. दोन थर दिसले तर ते सगळे पेट्रोल बाद करा. पण खाडीत ओतू नका. नवे पेट्रोल आठवड्याला लागेल तेवढेच घ्या. जुनी रबरी नळीही इथेनॉलने आतून सुटते आणि तिचे कण गाळणीत जाऊन बसतात. नळी, फुगा आणि गाळणी एकदम बदलणे पिस्टन-रिंगांच्या खर्चापुढे किरकोळ आहे. कार्ब्युरेटर साफ करून घ्याच. पावसाळ्यात आत राहिलेले पेट्रोल सुकून डिंकासारखे होते आणि पेट्रोल सोडणाऱ्या मोठ्या जेटचे भोक अरुंद करते. मग मोटर हळू छान चालते आणि मूठ पिळली की गळपटते. अशा वेळी चोक थोडा ओढल्यावर जोर वाढला, तर पेट्रोल कमी पडते याची खूण पटली म्हणून समजा.

फुगा दाबून काहीच फरक पडला नाही, तर मोटरीच्या बाजूने पडणारी पाण्याची धार पाहा. सुरुवातीला जोमदार आणि दहा मिनिटांनी मलूल किंवा वाफाळती होत असेल, तर मोटर ताबडतोब बंद करा. थंड करणारे पाणी वर ढकलणारा खालचा रबरी इंपेलर झिजला असेल किंवा खाऱ्या पाण्याचे मीठ वाटेत साचले असेल. जुनी मोटर घेतली की पहिल्या आठवड्यात इंपेलर बदलावा असे माझे ठाम मत आहे, विकणारा काहीही सांगो. कारण पाण्याबाहेर काही सेकंद चालवलेल्या मोटरीचाही इंपेलर जळू शकतो, आणि ‘चालू होते बघा’ असे दाखवण्यासाठी विकताना तसे हमखास केलेले असते. धार ठीक असेल, तर गरम असतानाच दोन्ही प्लग काढून पाहा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा निघाला, तर ओला सिलिंडर पेटत नाही. मोटर एका पायावर लंगडते आहे. प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बदला, त्याच सिलिंडरला राहिला तर ठिणगी पुरवणारी कॉइल तपासून घ्या.

पिस्टनची पाळी येते ती या सगळ्यानंतर. तुमच्या मेकॅनिकने दोरी ओढून हाताच्या अंदाजाने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी ठरवले, असे तुम्ही लिहिता. दोरी ओढणाऱ्याचा हात प्रत्येकाचा वेगळा असतो, मीटर सर्वांना एकच आकडा दाखवते. आसपास जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्त करणारा कोणी अजून टिकून असेल तर त्याला गाठा. त्याच्याकडे मीटर असेल आणि टू-स्ट्रोकचा कानही. दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरी मोटरीच्या धातूला टेकवून ठेवा, मूठ पूर्ण उघडी ठेवून चार-पाच वेळा दोरी जोरात ओढा आणि दोन्ही सिलिंडरचे आकडे लिहा. या जातीच्या मोटरीत चौरस इंचाला ९० ते १३० पौंडांच्या दरम्यान कुठेतरी आकडा येतो; पण आकड्यापेक्षा दोघांमधला फरक महत्त्वाचा. ११० आणि १०५ आले, तर १८,००० रुपये खिशात ठेवा. ११० आणि ७० आले, तर मेकॅनिकचे बरोबर होते, आणि तसे त्याला मोकळेपणाने सांगा. तरीही मोटर उघडण्यापूर्वी पेट्रोलची वाट दुरुस्त करा, कारण ज्या कमतरतेने पहिला पिस्टन गेला, ती नव्यालाही सोडणार नाही.

ऑइलबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : कोणते आणि किती घालता? पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरीला टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे ऑइल लागते. स्कूटरचे टू-टी ऑइल तिच्यासाठी नाही. पुस्तिकेत ५० ला १ लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, १० लिटरच्या टाकीत २०० मिलिलिटर. ‘जरा जास्तच घातलेले बरे’ हा आपला स्वभाव इथे प्लग काळे करतो. आणि ही मोटर पूर्वी रॉकेल मिसळून चालवली जात असे का, हे विकणाऱ्याला नक्की विचारा.

त्या गृहस्थांना फोन करणे मला यासाठीच योग्य वाटते. जाब विचारायला नव्हे. रॉकेलबद्दल, इंपेलर शेवटचा कधी बदलला त्याबद्दल, आणि त्यांच्याकडे कमी पिचचा जुना पंखा पडून आहे का हे विचारायला. अनेकांच्या माळ्यावर तो असतो. मीटरचा आकडा वाईट आला तर किमतीबद्दल बोलायला तुमच्या हातात कागद असेल. आज फक्त राग आहे, आणि नात्यात रागाने मागितलेले पैसे सहसा मिळत नाहीत. वडिलांना मात्र वेगाचा हिशेब समजावून सांगा, किंवा त्याहून चांगले म्हणजे चाचणीच्या दिवशी फुगा त्यांच्या हातात द्या. ज्यांनी ही होडी इतकी वर्षे हाताने ओढली, त्यांना ती किती वेगाने जाऊ शकते याचा अंदाज तुमच्या माझ्यापेक्षा जास्त असणार. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांनाही याच होडीतून फिरवण्याचा तुमचा विचार आहे. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे परवान्याची चौकशी आधी करा, आणि मोटर भरवशाची होईपर्यंत पाहुण्यांना काठावरच ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखा, नळी आणि प्लग एकाच दिवशी बदलले आणि मोटर सुधारली, तर कशाने सुधारली हे कळणार नाही, आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला पुन्हा तिथेच उभे राहाल. होडीत वल्ही, नांगर, पाण्याची बाटली आणि दोघांसाठी लाइफ जॅकेट असू द्या. मोटर बंद करणारी दोरी मनगटाला बांधा. आणि चाचणीसाठी मुखाच्या दिशेने निघाल तेव्हा भरती लागल्यावर निघा, म्हणजे मोटर दमून बंद पडलीच, तर पाणी तुम्हाला आत, घराकडेच आणील.